पाला आणि विचारपूस

वैशाखात घाटाखाली, मलकापूर-नांदुऱ्याकडे, ऊन तापलं की घराघरांतून एक तक्रार ऐकू येते. ताटात ज्वारीची भाकरी असते, हिरव्या मिरचीचा ठेचा असतो, कांदा फोडलेला असतो, आणि जेवणारा पहिल्याच घासाला थांबतो. ओठाच्या आतून किंवा जिभेच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा पांढुरका ठिपका उठलेला असतो, भोवती लाल कड. म्हातारी विचारते, ‘काहून जेवत नाही रे?’ उत्तर येतं, ‘तोंड आलं वं माय.’ एवढ्याशा फोडानं बोलणं, गिळणं, हसणं, सगळंच अवघड करून टाकलेलं असतं. ताप नाही, सूज नाही, त्यामुळे हे दुखणं दुसऱ्याला दिसतही नाही.

मग कुणीतरी परसात जातं. जाईचा वेल असला तर त्याची चार पानं, नसला तर पेरूच्या शेंड्याची कोवळी पानं खुडली जातात. ती धुवायची, सावकाश चावायची, रस तोंडात घोळवायचा आणि चोथा थुंकून टाकायचा. बाभळीचं झाड बांधावर असतंच. तिची साल उकळून, पाणी कोमट झाल्यावर चुळा भरायच्या. कुणी कात लावतं, कुणी ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देतं, कुणी निजताना साजूक तुपाचं बोट फिरवतं. कच्चं तोंडलं चावून खायला सांगणारी घरं आहेत, लोण्यातून शंखजिरं लावणारीही आहेत. ताकाचा पेला तर न मागता पुढे येतो.

यातल्या पुष्कळ गोष्टींमागे खरं निरीक्षण आहे आणि ते फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या 65 सांगितली आहे. त्यांत ओठांचे, हिरड्यांचे, जिभेचे, टाळूचे विकार वेगवेगळे मांडले आहेत. सगळं तोंड सोलवटून निघतं त्या मुखपाकावर जाईची पानं चावणं आणि खैरासारख्या तुरट झाडांच्या काढ्यानं चुळा भरणं हे उपचार वैद्यपरंपरेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. बाभूळ, खैर, पेरू, या सगळ्यांच्या साली-पानांत टॅनिन असतं. उघड्या पडलेल्या मऊ त्वचेवरच्या प्रथिनांशी त्याचा संयोग होतो आणि वर पातळसा थर धरतो. त्या थरामुळे तिखट-आंबट थेट झोंबत नाही. तुपाचं कामही आडोशाचंच. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून केलेल्या गुळण्या आजचे दंतवैद्यही सांगतात. मधावर तर रीतसर चाचणी झाली आहे: सौदी अरेबियात तोंडाच्या साध्या फोडांवर मध आणि स्टेरॉइडचा मलम यांची तुलना करण्यात आली, तिचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले, आणि वेदना कमी करण्यात मध मागे पडला नाही. एका चाचणीवरून फार मोठं काही म्हणू नये, पण आजीच्या हातातल्या मधाच्या बोटाकडे हसून पाहणाऱ्यांनी ती लक्षात ठेवावी.

सगळेच जुने उपाय मात्र आंधळेपणानं चालू ठेवण्यासारखे नाहीत, आणि हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण यात लहान जीव गुंतलेले असतात. टाकणखाराची लाही मधात खलून तान्ह्या बाळाच्या तोंडात फिरवण्याची पद्धत पुष्कळ घरांत होती. टाकणखार पोटात जातो आणि लहान बाळाला तो विषासारखा बाधतो. चोखणीला मध आणि टाकणखार लावून दिल्यानं बाळांना झटके आल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. एक वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही देऊ नये. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. बाळाच्या तोंडात पांढरी बुरशी दिसली, किंवा ताप येऊन हातापायांवरही फोड उठले, तर तो घरगुती उपायांचा विषयच नाही. मोठ्यांनीही तुरटीचा खडा फोडावर दाबून धरण्याचा अघोरीपणा करू नये. झोंबलं म्हणजे औषध लागू पडलं, हा समज निदान या नाजूक जागेपुरता तरी सोडून द्यावा.

आता मला ज्याविषयी खरं बोलायचं आहे ते.

तोंडातला साधा फोड सात ते चौदा दिवसांत आपोआप भरून येतो. जाईचा पाला चावला तरी, पेरूचा चावला तरी, काहीच चावलं नाही तरी. मग त्या पाल्यानं काय केलं? त्यानं ते दिवस सुसह्य केले. आणि त्याहून मोठी गोष्ट ही की, पाला देण्याआधी कुणीतरी जवळ बसवून ‘आ कर’ म्हटलं, उजेडाकडे तोंड वळवून आत पाहिलं, आणि विचारलं. किती दिवस झाले? मागच्या महिन्यातही आलं होतं ना? झोप लागते का? पोट साफ आहे का? कशाची काळजी घेतलीस का? ‘उष्णता झाली’ हे आजीचं निदान आजच्या पुस्तकांत सापडणार नाही, पण तिचे प्रश्न जवळजवळ सगळे सापडतील. जागरण, मनाचा ताण, दात घासताना किंवा घाईत जेवताना झालेली जखम, पाळीचे दिवस, आईबापांकडून आलेली प्रवृत्ती, रक्तातली कमतरता, एखाद्याला टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्याचा त्रास: डॉक्टर याच वाटांनी जातात. पुन्हा पुन्हा होणाऱ्या या फोडांचं एकच एक कारण वैद्यकाला अजून सापडलेलं नाही. म्हणून विचारपूस हा त्या उपचाराचा अर्धा भाग आहे असं मी मानतो. आज आपण उपाय तेवढा उचलला आहे. मोबाइलवर ‘तोंड आल्यावर घरगुती उपाय’ शोधलं की पाच-पन्नास सापडतात, आणि मेडिकलवर ‘बी-कॉम्प्लेक्स द्या’ म्हटलं की पट्टी हातात पडते. ‘आ कर’ म्हणणारं माणूस त्यात कुठेच नसतं.

फोड पुन्हा पुन्हा येत असतील तर ते ताटाकडे बोट दाखवत असू शकतात. लोह, फोलेट आणि बी-12 यांची कमतरता असली की तोंडाची आतली त्वचा आधी सांगू लागते, कारण ती सतत झिजत आणि नव्यानं बनत असते. जीभ गुळगुळीत होते, ओठांचे कोपरे चिरतात, फोड वरचेवर येतात. शरीरावरची खूण बाहेरून काही लावून पुसायची, की ती कुठून आली ते शोधायचं, हा प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत डिसेंबर 2024च्या अखेरीपासून माणसांचे केस झपाट्यानं गळू लागले, तेव्हा आधी शाम्पूवर संशय आला, मग पाण्यावर. पुढे डॉ. हिम्मतराव बावसकरांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. त्यांनी गावकऱ्यांच्या रक्ताबरोबर त्यांच्या घरातलं धान्यही तपासलं, ही त्यातली मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट.

अशीच, पण कितीतरी मोठी एक शोधकथा याच महाराष्ट्रात घडली आहे. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी कापडगिरण्यांशी जोडलेल्या गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास सुरू केला. या बायका पांढऱ्याफटक पडत, त्यांना धाप लागे, पुष्कळ जणी बाळंतपणात दगावत. ल्युसीबाईंनी जंतू शोधले, सापडले नाहीत. मग त्यांनी या बायका रोज काय खातात ते पाहिलं: भाजी नाही, फळ नाही, डाळ-दूध बेताचं. आधी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांवर पडताळून त्यांनी रुग्ण बायकांना यीस्टचा अर्क द्यायला सुरुवात केली. विलायतेत पावाला लावून खातात तो मार्माइट. बायका बऱ्या होऊ लागल्या. 1931 साली हे काम ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. अर्कातलं ते अज्ञात द्रव्य काही वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखलं जाई. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते वेगळं काढण्यात यश आलं आणि फॉलिक अ‍ॅसिड जगाला मिळालं.

आज मेहकर किंवा मोताळ्याच्या एखाद्या खेड्यात आशाताई गरोदर बाईच्या हातावर रोज एक याप्रमाणे सहा महिने पुरतील इतक्या लाल गोळ्या ठेवते, त्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. त्या गोळीतल्या निम्म्या गोष्टीची सुरुवात मुंबईतल्या मजूर बायकांच्या रक्तातून झाली. ही गोळी किती जणी खातात आणि किती जणी डब्यात टाकून ठेवतात हे आशाताईंना विचारावं. मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून ती मागे पडते. या गरोदर बायकांना कुणी नीट सांगत नाही की काळं होणं हे लोहामुळे आहे, त्यानं भ्यायचं कारण नाही. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. आणि चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया जाते. एवढं समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात.

ताटातल्या उपायाचा तर आपल्याकडे तोटा नाही. शेगावला गजानन महाराजांच्या प्रकटदिनी घरोघरी जो नैवेद्य होतो त्याकडे पाहा: ज्वारीची भाकरी, बेसनाचं पिठलं, अंबाडीची भाजी, कांदा, मिरची. हरभऱ्याच्या डाळीत फोलेट भरपूर असतं, पालेभाजीत असतंच. गरिबाच्या चुलीवरचं हे जेवण महाराजांना प्रिय होतं म्हणून आपण ते भक्तीनं करतो. ते वर्षातून एकदाच का व्हावं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. तोंड आलेलं असताना आंबट अंबाडी झोंबेल, हे खरं. ते आठ-दहा दिवस मुगाचं वरण, मऊ भात, दही चालवावं आणि तोंड भरून आलं की अंबाडी, चाकवत, तांदूळजा, मेथी, हरभऱ्याचा कोवळा पाला पुन्हा ताटात यावा.

बी-12ची गोष्ट वेगळी आहे. ते पालेभाजीत नसतं, डाळीत नसतं. दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतच असतं. आपल्या शाकाहारी लोकांत त्याची किती कमतरता आहे हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून पुढे आणलं आहे. माळ घातलेल्या घरांना हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. माळ जरूर असावी, पण मग दूध-दही घरात राहिलं पाहिजे. आज गाय दारात असते, दूध डेअरीच्या कॅनमध्ये जातं आणि मुलांच्या वाट्याला चहा येतो. इस्राएलमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात, वारंवार तोंड येणाऱ्या 58 जणांपैकी काहींना रोज बी-12ची गोळी आणि उरलेल्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी सहा महिने दिली. बी-12 घेणाऱ्यांपैकी 74 टक्के लोकांना शेवटच्या महिन्यात एकही फोड आला नाही. दुसऱ्या गटात हे प्रमाण 32 टक्के होतं. अभ्यास लहानच, तरी ज्याला महिन्याआड हा त्रास होतो त्यानं रक्त तपासून घेण्याइतकं कारण त्यात नक्की आहे.

घरातल्या सगळ्यांचं तोंड पाहणाऱ्या बाईचं तोंड कोण पाहतं? ती सगळ्यांच्या शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, वरणाच्या भांड्यात तळाचं पाणी असतं, भाकरी आणि ठेचा तेवढा उरतो. कपाशी वेचायला सकाळी गेलेली ती दुपारी बांधावर तेच खाते. पाळीत रक्त जातं, बाळंतपणांत गेलेलं असतं. तिची जीभ गुळगुळीत झालेली असते, ओठांचे कोपरे चिरलेले असतात, आणि ‘तुझं काय होऊन राह्यलं?’ असं विचारलं तर ती म्हणते, ‘मले काय होते?’ माझ्या लेखी या विषयातलं सगळ्यात दुखरं ठिकाण हे आहे. पेरूची पानं कुठली खुडायची हे तिला ठाऊक आहे. ती स्वतःसाठी खुडत नाही.

आणि एक फोड असा असतो जो चौदा दिवसांत भरत नाही.

तंबाखू, खर्रा, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै 2012मध्ये बंदी आली. तरी बसस्टँडच्या कोपऱ्यांवरचे लाल सडे सगळं सांगतात. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाची आतली मऊ त्वचा हळूहळू ताठ दोऱ्यांची बनते. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी 1953 सालीच या विकाराचं वर्णन छापलं होतं. सुरुवात कशी होते? तिखट सोसत नाही, तोंडाची आग होते, बारीक फोड येतात. म्हणजे अगदी ‘तोंड आलं’ म्हणावं तशी. पोरगं अठरा-वीस वर्षांचं असतं. ते बी-कॉम्प्लेक्स खातं, दोन दिवस पुडी बंद ठेवतं, पुन्हा सुरू करतं. काही वर्षांनी तोंड उघडेनासं होतं, भाकरीचा घास तिरका करून आत सारावा लागतो. आखडलेलं तोंड पूर्ववत होत नाही, आणि त्यातल्या काहींच्या नशिबी पुढे कर्करोग येतो. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, हे कुणालाही घरी पाहता येतं. न दुखणारा फोड, पांढरा किंवा लालभडक चट्टा, एकाच जागी दात लागून झालेली आणि न भरणारी जखम, गळ्यात गाठ, यांपैकी काहीही दोन-तीन आठवड्यांहून जास्त राहिलं तर जाईचा पाला खाली ठेवायचा. दुखत नाही म्हणून बरं आहे असं इथे समजू नये. सुरुवातीचा कर्करोग पुष्कळदा दुखतच नाही.

नुसतं पाहण्यानं काय होतं, याचा पुरावा केरळात आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996पासून एक मोठा अभ्यास झाला. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले आरोग्यसेवक घरोघरी गेले. यंत्र नाही, रक्त काढणं नाही. उजेडात माणसाला बसवायचं, तोंड उघडायला सांगायचं आणि गाल, जीभ, जिभेखालची जागा डोळ्यांनी बघायची. 2005 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत, ज्यांची अशी तपासणी झाली त्यांच्यात तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी होते. आजी करत होती तेच काम, फक्त काय शोधायचं हे शिकून घेऊन केलेलं.

त्यामुळे घरात कुणाचं तोंड आलं तर पाला जरूर द्यावा. त्यासोबत कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करावी. चौदा दिवसांनी पुन्हा मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहावं, जीभ वर उचलायला लावून, दोन्ही गाल बोटानं बाजूला ओढून. भरलं नसेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, नाहीतर बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात दंतवैद्याला दाखवावं, आणि माणसाला एकटं पाठवू नये. पुडी खाणारा बहुतेक वेळा डॉक्टरांपुढे पुडीचं नाव घेत नाही, बायको किंवा भाऊ सोबत असले की लाजून अधिकच दडवतो. म्हणून सोबत जाणाऱ्यानं त्याला आधीच सांगून ठेवावं की कुणी रागावणार नाही, आणि जे खातो त्याची रिकामी पुडी खिशात घेऊन चल. कधीपासून खातो, दिवसाला किती आणि गालाच्या कोणत्या बाजूला धरतो, एवढं डॉक्टरांना कळलं की नेमकं कुठे पाहायचं ते त्यांना लगेच उमगतं.